थोरलीचे केस आणि लेकीचं कपाट

"अगं, इकडे ये जरा. एकटीच्यानं नाही व्हायचं हे."

पार्लरवालीनं आतल्या दुसरीला हाक मारली. थोरलीनं आरशातून तिच्याकडे असं काही बघितलं, की बाईच्या हातातला कंगवा आपसूक खाली आला.

"हे म्हणजे काय? केस आहेत ते. शेत नांगरायला नाही बसवलं तुम्हांला."

"तसं नाही हो मावशी. दाट आहेत म्हटलं."

"दाट आहेत ते मला ठाऊक आहे. जन्मापासून माझ्याच डोक्यावर आहेत."

आतली आली. तिनं केसांत बोटं घातली. ती अर्ध्या वाटेत अडकली, आणि काढता काढता अंगठी आतच राहिली. दोघींनी मिळून अंगठी शोधली.

"मावशी, यात कंगवा जातो?"

"जातो. परत येत नाही."

थोरली हे सगळं ऐकून घेत होती, याचंच खरं तर नवल होतं. नाकावर माशी न बसू देणारी बाई ती. कुणी केसांवरून एक शब्द बोललं, तर चार ऐकवून त्याला दारापर्यंत पोचवायची. पण आज स्वतःच्या पायानं आली होती, स्वतःच्या साठवणीतले पैसे घेऊन, आणि या दोन पोरींच्या हाती मान देऊन बसली होती. कारण एकच. विहीणबाई.

लेकीचं लग्न ठरलं होतं. दोन्ही घरची माणसं भेटली, चहा झाला, हॉल ठरला, फोटोवाला ठरला. विहीणबाईंचे केस म्हणजे बघून घ्यावेत असे. रेशमाची लड. बोलता बोलता एका बोटानं कानामागे सारायच्या, आणि ते जिथे सारले तिथे राहायचे. फोटोचा विषय निघाला तेव्हा विहीणबाई साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मागच्या ओळीत उभ्या राहा हं. म्हणजे तुमच्या मागच्यांची पंचाईत नको."

सगळे हसले. थोरलीही हसली. घरी आल्यावर तिनं भांडी घासली, आणि एका पातेल्याची कड वाकवून ठेवली.

नवरीच्या आईनं मागच्या ओळीत उभं राहायचं! फोटो वर्षानुवर्षं भिंतीवर राहणार, लेकीची पोरं विचारणार, आपली आजी कुठाय, आणि लेक बोट दाखवून सांगणार, ते बघ, खांबाच्या बाजूला झुडूप दिसतंय ना, ती.

थोरलीचे केस म्हणजे घरातलं एक वेगळं माणूसच होतं. त्यांना वेगळं तेल लागायचं, वेगळी उशी लागायची, आणि त्यांचा स्वभावही वेगळा होता. त्या गावची हवा नुकत्याच पिळलेल्या फडक्यासारखी. मीठ बरणीतून सुटं पडत नाही, काडी चार वेळा ओढल्याशिवाय पेटत नाही, धुतलेले कपडे दोरीवर दमतात पण वाळत नाहीत. अशा हवेत बाकीच्या बायकांचे केस गपगुमान डोक्याला चिकटून बसायचे. थोरलीचे उठून उभे राहायचे. केस ओलसर असतानाच ती मोठ्या दातांच्या कंगव्यानं खालून वर सोडवत जायची, तेल चोळून घट्ट वेणी घालायची, वर पिना खोचायची, आणि भाताला उकळी येईस्तोवर पिना एकेक करून बाहेर यायला लागायच्या, आतून कुणी ढकलत असल्यासारख्या. दुपारपर्यंत वेणीला दुसरी वेणी फुटायची. एकदा दिराची पेन्सिल हरवली. सगळ्यांनी घर पालथं घातलं, दिरानं नवी आणली. आठवड्यानं न्हाताना जुनी सापडली. थोरलीनंच ती हातात काम होतं म्हणून अंबाड्यात खोचली होती.

पार्लरवालीनं वास मारणारं औषध लावलं, मग गरम पट्टी फिरवली. धूर निघाला. संध्याकाळी थोरली खुर्चीतून उठली तेव्हा डोकं इतकं हलकं लागलं, की तिनं हात लावून बघितलं, जागेवर आहे ना.

"तीन दिवस पाणी लावायचं नाही," पार्लरवाली म्हणाली. "बांधायचे नाहीत, पिना नाहीत. औषध मुरायच्या आत पाणी लागलं, तर होते तसे होतील. एकदा मुरलं, की मग कितीही दमट हवा असू दे, बघायला नको."

घरी धाकट्या जावेनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

"तुझी सासू पाहिजे. वर गेली असेल तर तिलाच भेटून येते," थोरली म्हणाली, तेव्हा धाकटीला आवाजावरून ओळख पटली.

लेक तर आईभोवती नाचलीच. "आई, काय दिसतेस गं! आता विहीणबाई बघच कशा गप्प होतात."

नवरा जेवायला बसला. थोरलीनं मुद्दाम दोनदा वाकून वाढलं. केस दोन्ही खांद्यांवरून पडद्यासारखे पुढे आले. नवऱ्यानं ताटातला माशाचा काटा बाजूला काढला, पाणी प्यायला आणि उठला. थोरलीला राग आला नाही. त्याची बघायची वेळ रात्रीची नव्हतीच. त्याची वेळ सकाळची.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. थोरलीचा नवरा लाकडाला पॉलिश करायचा. गल्लीच्या टोकाला दोघा भावांचा कारखाना. धाकटा सुतारकाम करायचा, थोरला पॉलिश. लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्यानं हातानं चढवलेलं, एकावर एक पातळ थर. माणूस अबोल. लग्न झालं तेव्हा थोरलीला वाटलं, लाजतोय. वर्ष गेलं तेव्हा वाटलं, रागावलाय. मग कळलं की तो तसाच आहे, लाकडाशी राहून लाकडासारखा. पण रोज सकाळी एक गोष्ट व्हायची. चहाचा कप हातात घेऊन तो दाराशी यायचा. थोरली दारातल्या उजेडात केस सोडून उभी असायची. तो थांबायचा आणि तिच्याकडे बघायचा. घाईनं नाही. कपाळापासून वर, मग दोन्ही बाजूंनी, सावकाश. मग उरलेला चहा एका घोटात संपवून कामाला जायचा.

एवढंच. पण एवढ्यावर थोरलीनं संसार केला होता. पहिली लेक पोटातच गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तसं बघितलं होतं. सासूशी कडाक्याचं भांडण झालं त्या सकाळी बघितलं होतं. चेहऱ्याला सुरकुत्या आल्या, कमरेचा घेर वाढला, तरी त्याची नजर एक दिवस चुकली नव्हती. शेजारणी नवऱ्यांची कौतुकं सांगायला लागल्या, की थोरली म्हणायची, "तुमचे बोलतात. बोलायला काय जातं? आमचे बघतात." आणि शेजारणी गप्प व्हायच्या, कारण त्यांच्याकडे सकाळी बघत कुणीच नव्हतं.

तर त्या सकाळी थोरली लवकर उठली. पाऊस पडत नव्हता, पण हवेत हात फिरवला तर ओला होईल असा दमटपणा होता. भिंतीला घाम सुटला होता. ती दारात उभी राहिली. केस सरळ, चपट, इस्त्रीच्या कापडासारखे.

नवरा कप घेऊन आला. थांबला. बघितलं. आणि बघतच राहिला.

इतका वेळ त्यानं कधीच बघितलं नव्हतं. भुवया वर गेल्या. मग, थोरली शपथेवर सांगायला तयार होती, तो हसला. अर्धा चहा तसाच टाकला, कप खिडकीत ठेवला आणि जवळजवळ पळतच कारखान्याकडे गेला. जाता जाता गुणगुणत होता.

थोरलीची कानशिलं तापली. लेकीच्या लग्नाच्या वयात हे असं! तिनं धाकटीला गाठलं. "बघितलंस?"

"काय जाऊबाई?"

"काही नाही. तुझं वय नाही ते कळायचं," थोरली म्हणाली, आणि दिवसभरासाठी म्हणून एक गाणं तिच्याही तोंडात बसलं.

ते गाणं दुपारपर्यंतच टिकलं. दुपारी धाकटा दीर दारात आला. अंगभर भुसा, तोंड उतरलेलं.

"वहिनी, दादाला जरा समजवा. दोन तास झाले, स्टुलावर बसलाय. हूं की चूं नाही."

"झालं काय?"

"लेकीचं कपाट गेलं."

थोरली तशीच चपला घालून निघाली.

लेकीला द्यायचं कपाट दोघा भावांनी महिनाभर खपून केलं होतं. जुन्या घराच्या तुळयांचं लाकूड, दोन उंच दारं, आत कप्पे. धाकट्यानं जोड असे बसवले होते, की नख शिरणार नाही. पॉलिशचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. तो हात मारला, की कपाट लग्नाआधी लेकीच्या नव्या घरी पोचायचं होतं. थोरली कारखान्यात शिरली आणि जागीच थांबली. कपाट उभं होतं. पांढरं. काचेवर कुणी तोंडानं वाफ सोडावी, तसं वरपासून खालपर्यंत धुरकट. एका दारावर तर पीठ सांडल्यासारखं दिसत होतं.

पॉलिशवाल्याच्या बायकोला वेगळं सांगायला नको होतं. लाख मोठी मानी. हवा ओली असताना तिला हात लावला, की वाळता वाळता रुसते आणि पांढरी पडते.

"अहो, असल्या हवेत बोळा धरलात?" ती ओरडली. "भिंतीसुद्धा घामेजल्यात!"

नवरा स्टुलावर बसून कपाटाकडे बघत होता. बोलला धाकटाच. त्याचा सकाळपासून कोंडमारा झाला होता.

"हेच मी सांगत होतो वहिनी! दादा गुणगुणत आला. म्हणाला, बोळा काढ, आज कोरडं आहे. मी म्हटलं, अरे शर्ट पाठीला चिकटलाय माझा. यंत्र बघ, काटा पार टोकाला गेलाय. तर म्हणतो, यंत्राला काय कळतंय? मी घरून बघून आलोय."

"घरून काय बघून आले?"

धाकट्यानं जीभ चावली. मग पहिल्यांदाच त्यानं वहिनीच्या डोक्याकडे नीट बघितलं, आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"वहिनी, केस... हे असे कसे झाले?"

"काल पार्लरमध्ये जाऊन सरळ करून घेतले."

"घात झाला!" धाकटा मटकन फळीवर बसला. "अहो, सांगायचं तरी! आम्ही या डोक्यावर कारखाना चालवतो!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय, रोज सकाळी मी विचारतो, दादा, वहिनींचं डोकं कसं आहे? फुगलंय म्हणाला, की दिवसभर रंधा आणि काचकागद. बसलंय म्हणाला, की पॉलिश. इतकी वर्षं एक वस्तू पांढरी पडली नाही आमची. सगळ्या गावात कुणाला जमलं नाही ते. का? तुमच्या डोक्यामुळे."



थोरली नवऱ्याकडे वळली. "सकाळी तुम्ही दारात उभे राहून बघता, ते हवा बघता?"

नवऱ्यानं मान वर केली. तिच्या केसांकडे बघितलं, पुन्हा कपाटाकडे, पुन्हा केसांकडे. आणि त्यानं अख्ख्या संसारातली सगळ्यांत मोठी चूक केली. तो म्हणाला, "हे कधी केलंस?"

"काल! काल दिवसभर खुर्चीत बसून! रात्री तुमच्या पुढ्यात वाकून वाढलं, ते काय भिंतीनं वाढलं?"

"मला वाटलं, हवा कोरडी झाली."

"अहो, घामाच्या धारा लागल्या होत्या!"

"मला वाटलं, माझं वय झालं."

केसानं गळा कापणं म्हणतात, ते थोरलीनं आजवर नुसतं ऐकलं होतं. ती तडक घरी आली. आल्यावर पेटीतून सगळ्यांत मोठा रुमाल काढला, डोक्याला कपाळापासून मानेपर्यंत करकचून बांधला आणि कणभरही केस दिसत नाही ना, हे आरशात बघून घेतलं. बांधायचे नाहीत, असं पार्लरवालीनं बजावलं होतं. खड्ड्यात गेली पार्लरवाली.

"आई, हे काय?" लेकीनं विचारलं.

"हवामान खातं बंद आहे."

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. रडू येत नव्हतं, लाज वाटत होती. सगळ्या गल्लीत मिरवलं होतं तिनं. आमचे बघतात! सुकाणूवरचा माणूस ढगांकडे बघतो, तसे बघत होते. ढगाला काय वाटतं याचा विचार कुणी करतं का? आणि पहिलं मूल गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती नजर... ती तरी? त्या दिवशीही कुणाच्या तरी टेबलाला पॉलिश मारायचंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कप घेऊन दाराशी आला. समोर रुमाल. त्यानं रुमालाकडे बघितलं, आणि चहा न संपवताच गेला. कपाट स्पिरिटनं पुसून पुन्हा उघडं करून झालं होतं. आता हवा होता कोरडा एक दिवस. आणि तो दिवस कोणता, हे सांगायला कुणी नव्हतं.

अकराच्या सुमारास शेजारीण आली. तोंड असं, की काहीतरी चांगलंच हाताला लागलंय.

"तुम्हांला म्हणून सांगते. तुमचे हे बाजारात भाजीवालीकडे टक लावून उभे होते."

"भाजी घेत असतील."

"भाजीकडे नाही हो. तिच्याकडे. ती कुरळ्या केसांची नाही का? तिच्या डोक्याकडे. चांगलं दहा मिनिटं. तिनं विचारलं, काय पाहिजे? तर म्हणतात, जरा रुमाल काढता का? तिनं भोपळा उगारला!"

थोरलीला खरं तर हसू यायला हवं होतं. नवरा काय शोधत होता, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं हातातली सुरी खाली ठेवली. म्हणजे काल ज्या बघण्याला तिनं शिव्या घातल्या, तेच बघणं आज दुसरीच्या वाट्याला जातंय म्हटल्यावर जीव जळतोय, हे काय त्रांगडं?

"भोपळा लागला का?" तिनं विचारलं.

"नाही, चुकवला."

"लागायला हवा होता," थोरली म्हणाली, डबा भरला आणि कारखान्याकडे निघाली.

नवरा कोपऱ्यात बोळे धुत होता. धाकटा वहिनीला बघून बाहेर सटकला. थोरलीनं डबा आदळला.

"भाजीवालीचे केस बघायला गेला होतात?"

"तेल फार लावते ती. उपयोगाचे नाहीत."

"माझ्या लेकीचं कपाट दुसऱ्या बाईच्या डोक्यावर करणार होतात तुम्ही?"

त्यानं पुढचा बोळा उचलला. थोरलीची नजर भिंतीवर गेली. खिळ्याला त्याचा जुना शर्ट टांगला होता, आणि शर्टाच्या बाहीखालून काचेची गोल कड चमकत होती. तिनं शर्ट बाजूला केला. घड्याळासारखी तबकडी, एकच काटा. काटा ओल्याच्या बाजूला झुकलेला. काल धाकटा यंत्र यंत्र म्हणत होता, ते रागाच्या भरात तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"हे काय?"

"हवेचं यंत्र. धाकट्यानं आणलंय."

"कधी?"

तो आठवायला लागला. "लेक शाळेत जायला लागली, तेव्हा."

लेक शाळेत जायला लागली, त्यानंतर शाळा संपली, कॉलेज संपलं, नोकरी लागली, आता लग्न. थोरलीनं तबकडीवर बोट फिरवलं. बोटाला भुशाचा जाड थर आला.

"चालतं का?"

"धाकटा म्हणतो, बरोबर चालतं."

"मग यंत्र इथे भिंतीवर असताना रोज माझ्याकडे कशाला बघत होतात?"

नवऱ्यानं बोळा पिळला, पिळून बाजूला ठेवला. हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.  मग तो म्हणाला, "यंत्राकडे बघावंसं वाटत नाही."

आणि दुसरा बोळा धुवायला घेतला.

 थोरलीनं शर्ट उचलून पुन्हा यंत्रावर नीट टांगला, बाही ओढून काच झाकली. "जेवून घ्या. थंड होईल," म्हणाली आणि घरी आली.

घरी येऊन तिनं बादली भरली.

"आई!" लेक न्हाणीच्या दारात किंचाळली. "पार्लरवालीनं सांगितलंय ना, मुरायच्या आत पाणी लावू नको! लग्न तोंडावर आलंय! विहीणबाई, फोटो, सगळं..."

"फोटो उद्या पिवळा पडेल. कपाट तुझ्या नातवंडांना पुरायचंय. हो बाजूला."

"पण पैसे गेले ना सगळे!"

"माझे गेले. तुझे नाहीत." आणि तिनं पहिला तांब्या डोक्यावर ओतला.

पार्लरवाली खोटं बोलली नव्हती. दुसऱ्या धुण्याला औषधाचा वास गेला, तिसऱ्याला केस सुटे व्हायला लागले, आणि सकाळी थोरली दारात उभी राहिली तेव्हा डोक्यावर तो जुना, हट्टी, चहूकडे पसरलेला ढीग परत आला होता. नवरा कप घेऊन आला. बघितलं, कपाळापासून वर, मग दोन्ही बाजूंनी. मान हलवली. आज नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. लग्न जवळ येत चाललं. धाकटा दिवसातून चार वेळा यंत्राकडे बघायचा आणि सुस्कारे टाकायचा. लेकीच्या नव्या घरून निरोप आला, कपाटाची जागा अजून रिकामीच आहे, काही अडचण आहे का? विहीणबाईंचा आवाज निरोपातूनही साखरेसारखा येत होता.

मग एका पहाटे वारा फिरला. समुद्राकडचा बंद झाला आणि डोंगराकडचा सुटला. थोरलीला उठता उठताच कळलं, कारण उशीवरून डोकं उचलताना उशी सोबत आली नाही. ती दारात गेली. केस खाली बसले होते. शहाण्यासारखे नाही, पण जरा दमल्यासारखे. नवऱ्यानं बघितलं. तिनंही त्याच्याकडे बघितलं.

"काय?" ती म्हणाली.

"बोळा काढतो," तो म्हणाला. लग्नानंतरच्या सगळ्या सकाळींत दारातला हा त्याचा पहिला शब्द.

त्या दिवशी दोघा भावांनी जेवणसुद्धा उभ्यानं केलं. संध्याकाळी कपाट तयार झालं, तेव्हा त्यात समोरच्या गल्लीतून जाणारी सायकल दिसत होती, चाकाच्या आऱ्यांसकट.

लग्नाच्या दिवशी हवा पुन्हा पिळलेल्या फडक्यावर आली होती. हॉलचे पंखे नुसता दमटपणा इकडून तिकडे ढकलत होते. विहीणबाईंची रेशमाची लड दुपारपर्यंत कपाळाला, गालाला, मानेला चिकटून बसली होती. थोरलीचे केस मात्र आनंदात होते. उजवीकडे वाढले, डावीकडे वाढले, वर तर विचारू नका.

"अय्या," विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही केस सरळ केले होते ना? लेक म्हणत होती."

"केले होते. करमलं नाही त्यांना."

फोटोवाल्यानं हात केला. "मावशी, तुम्ही जरा मागच्या ओळीत..."

"तू जरा मागे सरक," थोरली त्याला म्हणाली, "म्हणजे मी मावेन." आणि लेकीच्या बाजूला, पुढच्या ओळीत, मधोमध उभी राहिली.

तो फोटो आजही आहे. नवरी हसतेय, नवरदेव हसतोय, थोरली हसत नाही, पण तिच्या केसांनी निम्मा फोटो व्यापलाय. मागे विहीणबाईंचा एक कान आणि व्याह्यांचं अर्धं टक्कल दिसतं.  सुनेचं कपाट घरी आल्यापासून विहीणबाई केस नीट करायला त्याच्यासमोरच उभ्या राहतात, असं लेक सांगते. आरशात दिसत नाही इतकं त्यात चांगलं दिसतं.

पुढे थोरलीच्या नवऱ्याच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला. डॉक्टरनं एक डोळा उघडला, दुसरा राहिला तो राहिलाच. त्यानं बोळा खाली ठेवला. कारखाना धाकट्यानं चालवायला घेतला, फवाऱ्यानं पॉलिश मारायला लागला. भिंतीवरचं यंत्र पुसून समोर लावलं. आता त्या घरातून हवेची बातमी कुणाला नको असते.

तरी सकाळी तो चहाचा कप घेऊन दाराशी येतोच. थोरली उजेडात केस सोडून उभी असते. आता ते पांढरे झालेत, पण एकही मवाळ झालेला नाही. तो कप खिडकीत ठेवतो, चाचपत पुढे येतो आणि तिच्या डोक्यावर तळहात ठेवतो. लाकडाचा पोत बघायला ठेवायचा तसा. कपाळापासून वर, मग दोन्ही बाजूंनी, सावकाश.

"हात पुसलात का?" थोरली विचारते.

पुसलेला असतो.